अवकाशातून दिसणारे दख्खनचे माळरान

पृथ्वीवरील एकूण जमिनीपैकी सुमारे एक-पंचमांश भाग सॅव्हाना या प्रकारच्या गवताळ भूमीने व्यापलेला आहे. सॅव्हाना हा शब्द उच्चारताच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीची मैदाने व झेब्र्यांचे कळप उभे राहतात. कारण शालेय भूगोलात हा शब्द बहुधा त्याच संदर्भात येतो. परंतु जेथे गवताचा सलग थर असतो, त्यात झाडे विखुरलेली असतात, आणि थोड्या महिन्यांच्या पावसानंतर दीर्घ कोरडा ऋतू येतो, ती भूमी सॅव्हानाच होय. या कसोटीस दख्खनच्या पठाराचा फार मोठा प्रदेश उतरतो. साताऱ्याचे माण-खटाव, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, बेळगावचे पूर्वेकडील तालुके, विजयपुरा, बागलकोट, तेलंगणाचा पश्चिम भाग आणि उत्तरेस माळव्याचे पठार या सर्व ठिकाणी ही भूमी आढळते. मराठीत तिला फार पूर्वीपासून साधे व अर्थपूर्ण नाव आहे. ते नाव म्हणजे माळरान.

गेल्या पन्नास वर्षांत या भूमीचे निरीक्षण कृत्रिम उपग्रहांद्वारे होऊ लागले. त्यामुळे तिच्याविषयीचे ज्ञान वाढले, तसेच काही गैरसमजही दृढ झाले. या दोहोंची ओळख गावकरी, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे. कारण गावच्या माळावर काय लावावे, काय बांधावे व काय राखावे याचे निर्णय आज पुष्कळदा उपग्रहचित्रांवरून तयार केलेल्या नकाशांच्या आधारे घेतले जातात.

पठाराची घडण

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे एकावर एक थर साचले व त्यांपासून बेसाल्ट खडकाचे पठार बनले. आजही हा खडक सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. पठाराचा पश्चिम काठ म्हणजे सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे या भिंतीवर आदळतात व आपले बहुतेक पाणी तेथेच रिते करतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या फलटण-माण भागात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. पठाराचा हा पूर्वेकडील भाग पर्जन्यछायेत आहे.

पावसाइतकेच महत्त्व मातीला आहे. भीमा, नीरा, कृष्णा यांच्या खोऱ्यांत काळी, खोल व ओल धरून ठेवणारी माती साचली. दोन खोऱ्यांमधील उंचवट्यांवर, उदाहरणार्थ शंभूमहादेव व बालाघाट या रांगांवर, मात्र वीत-दीड वीत माती व तिच्याखाली मुरूम एवढेच असते. खोऱ्यांत शेती वसली व उंचवट्यांवर माळ राहिले. माळावर घनदाट अरण्य वाढत नाही याचे मुख्य कारण मनुष्याची कुऱ्हाड नसून अल्प पाऊस, उथळ माती, दीर्घ उन्हाळा, अधूनमधून लागणारे वणवे आणि तृणभक्षी प्राण्यांची चराई हे आहे.

उपग्रह काय पाहतो

भूनिरीक्षणासाठी अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ साली सोडला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था, जिचे २००८ पासून राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र असे नामांतर झाले, ही उपग्रहांकडून आलेली माहिती जवळच्या शादनगर येथे ग्रहण करते.

उपग्रह भूमीचे चित्र बारीक चौकटींनी घेतो. प्रत्येक चौकटीतून परावर्तित झालेल्या प्रकाशाची सरासरी तो नोंदवितो. चौकटीच्या आत काय आहे हे त्याला वेगळे दिसत नाही. आयआरएस-१ए च्या एका चौकटीची बाजू ७२.५ मीटर होती, म्हणजे एका चौकटीत सुमारे ५२ गुंठे जमीन येई. पुढील भारतीय उपग्रहांवरील एका कॅमेऱ्याची चौकट २३.५ मीटरांची झाली. तिच्यात सुमारे साडेपाच गुंठे येतात. २०१५ पासून कार्य करणाऱ्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहमालिकेची चौकट १० मीटरांची, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठ्याची आहे. साडेपाच गुंठ्यांच्या चौकटीत सहा मीटर व्यासाचे एक बाभळीचे झाड असेल, तर ते चौकटीचा सुमारे विसावा हिस्साच व्यापते. उरलेल्या सर्व भागात गवत, माती व खडक असतात, आणि चौकटीचा रंग त्यांवरूनच ठरतो.

वनस्पती ओळखण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण हिरवे पान मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील अंतरास त्यांच्या बेरजेने भागले असता हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. उदाहरणादाखल, एखाद्या चौकटीतून ४० टक्के अवरक्त व ८ टक्के तांबडा प्रकाश परत आला, तर निर्देशांक ४८ भागिले ३२ असा नसून ३२ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.६७ होतो. ही जोमदार हिरवाई होय. तेच प्रमाण २८ व २० टक्के असेल, तर निर्देशांक ८ भागिले ४८, म्हणजे सुमारे ०.१७ येतो. अशी चौकट उघड्या जमिनीची असू शकेल, तसेच वाळलेल्या गवताचीही असू शकेल. निर्देशांक हिरवेपणा मोजतो. मुळे जिवंत आहेत की नाहीत हे तो सांगत नाही.

दूरसंवेदनाच्या रूढ रंगीत चित्रांत हिरवी वनस्पती तांबड्या रंगाने दाखवितात. हिवाळ्यातील अशा चित्रात सह्याद्रीचा माथा गडद तांबडा दिसतो. उजनीचा जलाशय काळ्या रंगात उमटतो. त्याच्या काठांवर व कालव्यांलगत उसाचे मळे लालभडक दिसतात. या लाल पट्ट्यांच्या मधल्या उंचवट्यांवर राखाडी-निळसर रंगाचे मोठे पट्टे असतात. पाहणाऱ्यास ते रिकामे वाटतात. तेच माळरान होय.

ऋतुमानाचा फरक

हेच क्षेत्र सप्टेंबरात पाहिले तर चित्र पालटते. मृगाच्या सरींनंतर गवताचे ठोंब फुटतात, श्रावण-भाद्रपदात माळ गुडघाभर उंचीच्या गवताने भरून जातो, आश्विनात गवत तुऱ्यावर येते व कार्तिकानंतर ते पिवळे पडते. याचा अर्थ माळाचा हिरवा काळ वर्षातील तीन-चार महिन्यांचाच असतो. नेमक्या त्याच काळात आकाशात ढग असल्यामुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहांना स्वच्छ चित्रे फार थोडी मिळतात. ज्या महिन्यांत आकाश निरभ्र असते, त्या महिन्यांत गवत वाळलेले असते. एका चित्रावरून माळाची परीक्षा करणे म्हणजे मे महिन्यात शेत पाहून ते नापीक ठरविण्यासारखे आहे.

ढगांतून आरपार पाहणारी रडार यंत्रणा ही अडचण काही अंशी दूर करते. भारत व अमेरिका यांचा संयुक्त निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. तो दर बारा दिवसांनी त्याच भूमीवर परत येतो. पावसाळ्यातील माळाच्या अभ्यासास अशा साधनांचा मोठा उपयोग होण्यासारखा आहे.

नकाशातील नाव

दिसणे ही एक बाब, आणि दिसलेल्यास नाव देणे ही दुसरी. इंग्रजी राजवटीच्या महसूल पद्धतीत ज्या जमिनीपासून शेतसारा मिळत नसे, ती पडीक गणली जाई. ही दृष्टी स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले व दरवर्षी ५० लक्ष हेक्टरांवर वृक्षलागवड करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. पुढे उपग्रहचित्रांच्या आधारे देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह तयार करण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहानुसार २०१५-१६ मध्ये देशात ५ कोटी ५७ लक्ष हेक्टरांहून अधिक, म्हणजे एकूण क्षेत्राच्या १६.९६ टक्के भूमी या सदरात मोडत होती. या सदरात खडकाळ भूमी, घळींनी कापलेली भूमी व क्षारयुक्त भूमी यांच्यासमवेत झुडपी जमिनी व ऱ्हास पावलेली कुरणे यांचाही समावेश होतो. माळरान पुष्कळदा याच वर्गांत जाऊन बसते.

वनाच्या व्याख्येतूनही असाच पेच उद्भवतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या रीतीप्रमाणे एक हेक्टर वा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या छायेचे प्रमाण १० टक्के किंवा अधिक असल्यास ते वनाच्छादन मानले जाते. १० ते ४० टक्क्यांपर्यंतचे वन विरळ म्हणून नोंदले जाते. आता ज्या माळावर हिवर, खैर व बोरीची छाया १५ टक्के आहे तो विरळ वन ठरतो, आणि शेजारच्याच माळावर ती ६ टक्के असल्यास तो झुडपी जमिनीत जातो. वस्तुतः दोन्ही एकाच परिसंस्थेचे भाग आहेत. तथापि पहिल्या नावामुळे ते बिघडलेले अरण्य वाटते व दुसऱ्यामुळे निरुपयोगी भूमी वाटते. दोहोंवर उपाय म्हणून एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे झाडे लावणे.

ही चूक दुरुस्त करण्याचे प्रयत्नही उपग्रहांच्याच साह्याने झाले आहेत. एम. डी. मधुसूदन व अबी वनक या संशोधकांनी भारतातील कोरड्या प्रदेशांतील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यांच्या अंदाजानुसार अशी भूमी किमान ३ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या सुमारे दशांश आहे. आणि तिचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग अभयारण्यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत येतो.

माळाची परिसंस्था

माळाची खरी संपत्ती पायाखाली असते. पवना, मारवेल, अंजन, कुसळी ही गवते वरून वाळली तरी त्यांचे ठोंब व मुळे जिवंत राहतात. गवताच्या वाढीचे डोळे जमिनीलगत असल्यामुळे चराई वा वणवा यांनंतरही ते पुन्हा फुटते. मोठ्या वृक्षाची राख होते तेव्हा त्यात साठलेला कार्बन हवेत जातो. माळावरील कार्बनाचा मोठा हिस्सा मुळांत व मातीत असल्यामुळे वणव्यानंतरही तो बव्हंशी सुरक्षित राहतो. मुळांच्या जाळ्यामुळे पावसाचे पाणी थबकून जिरते व उथळ माती जागीच टिकते. माळ फोडला तर ही माती दोन-चार पावसाळ्यांतच ओढ्याला मिळते.

या गवताच्या आश्रयाने काळवीट, चिंकारा, ससा, लांडगा, खोकड व तरस जगतात. चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना झाडाची फांदी लागत नाही, दूरवर दिसणारे मोकळे रान लागते. मनुष्यही या परिसंस्थेबाहेर नाही. धनगर व कुरुब समाजांचे मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या या गवतावर कळप राखीत आले आहेत. महाराष्ट्रातील अनेक धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी पठारावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात व त्यांच्या लेंडीखताने जमीन कसदार होते. ज्या गायरानाला कर्नाटकात गोमाळ व मध्य प्रदेशात चरनोई म्हणतात, ते या व्यवहाराचे मूळ भांडवल आहे.

जुन्या साहित्याची साक्ष

हे माळ पूर्वी अरण्य होते व तोडीमुळे उघडे पडले, असा समज सर्वत्र आहे. त्याची तपासणी आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एका वेगळ्या मार्गाने केली. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या मराठी कथा, चरित्रे व मौखिक परंपरा यांत पश्चिम महाराष्ट्रातील ज्या वनस्पतींचे व भूदृश्यांचे उल्लेख येतात, ते त्यांनी गोळा केले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्यांपैकी बहुसंख्य रानवनस्पती उन्हाळ, खुल्या व काटेरी माळावरच्याच आहेत. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही ही भूमी माळरानच होती. जेथे अरण्य नव्हते तेथे त्याचा ऱ्हास होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नावाचे परिणाम

नावातील चुकीचे परिणाम प्रत्यक्ष भूमीवर दिसतात. कर्नाटकातील राणेबेन्नूर येथील अभयारण्य १९७४ साली काळविटांसाठी स्थापन झाले. त्याच्या मोठ्या भागावर निलगिरीची लागवड आहे. काळवीट तेथे टिकून आहे, पण खुल्या रानावर अवलंबून असणारा माळढोक, जो पूर्वी त्या परिसरात आढळे, तो नाहीसा झाला. सोलापूरजवळील नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तेथेही त्याचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे. संपूर्ण देशात हे पक्षी दीडशेच्या आत उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

माळव्यातील उदाहरण निराळे आहे. रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे १९८३ साली तणमोर या पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. पावसाळ्यात नर तणमोर मादीचे लक्ष वेधण्यासाठी गवतातून वर उड्या मारतो. गवत नसेल तर त्याचा विणीचा हंगामच होत नाही. तणमोर दिसल्याची खबर देणाऱ्या गावकऱ्यांना बक्षीस देण्याची पद्धत तेथे वनखात्याने सुरू केली. पक्षी शेतांतही उतरतो, म्हणून शेतकऱ्याच्या सहकार्यावाचून त्याचे रक्षण शक्य नाही, हा तिच्यामागील विचार होता.

जे आकाशातून दिसत नाही

उपग्रहचित्राच्या मर्यादा दाखविणारे एक उदाहरण सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठाराचे आहे. हे पठार सह्याद्रीच्या माथ्यावर असल्यामुळे तेथे पाऊस अधिक पडतो. परंतु तेथील भूमीही खुली व गवताळ आहे. या पठारावर पवनचक्क्या उभारण्यात आल्या. आकाशातून पाहिल्यास पवनचक्क्यांखाली गवत पूर्ववत दिसते. मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांची संख्या इतर भागाच्या सुमारे एक-चतुर्थांश होती. शत्रू कमी झाल्याने तेथे रंगीत गळपिशवीच्या सरड्यांची संख्या वाढली व त्यांच्या वर्तनातही बदल झाला. योगायोगाने, या सरड्यांच्या गणास २०१६ साली शास्त्रज्ञांनी दिलेले नाव ‘सरडा’ हेच असून ते मराठीतून घेतलेले आहे. पवनऊर्जा नको असा याचा अर्थ नाही. मोकळी दिसणारी जागा रिकामी समजून तेथे काहीही उभारू नये, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

गावाने व अधिकाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

प्रत्येक उघडी जमीन नैसर्गिक माळ असते असे नाही. खाणकाम, मुरूम-उपसा, वृक्षतोड किंवा अतिचराई यांमुळे खरोखर बिघडलेल्या जमिनीही आहेत व त्यांची सुधारणा आवश्यक आहे. म्हणून कोणत्याही माळावर वृक्षलागवड, सौरप्रकल्प वा अन्य योजना प्रस्तावित करण्यापूर्वी पुढील गोष्टींची खातरजमा व्हावी :

१. त्या क्षेत्राची किमान तीन ऋतूंतील उपग्रहचित्रे पाहावीत व त्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरमधील एक असावे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर अशी चित्रे पाहावयास मिळतात.

२. पावसाळ्याच्या अखेरीस प्रत्यक्ष पाहणी करावी. पवना, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते भरपूर असल्यास ती भूमी जिवंत माळ समजावी. केवळ एका हंगामाचे तण वा वेडी बाभूळ माजली असल्यास भूमी बिघडली असण्याचा संभव अधिक.

३. गावातील मेंढपाळ, गुराखी व वृद्ध शेतकरी यांची साक्ष नोंदवावी. कोणत्या महिन्यात कोठे चारा असतो, कोणते प्राणी कोठे वितात, याचे ज्ञान त्यांच्यापाशी असते.

४. झाडे ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याच्या कडेने व गावठाणाजवळ लावावीत. माळावर खड्डे व चर खणून गवताचे ठोंब उपटू नयेत. तेथे आळीपाळीने चराई बंद ठेवणे हाच सुधारणेचा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

शाळांनाही या कामी मोठा वाटा उचलता येईल. शिक्षकांनी गावच्या माळावर एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखावा व वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यातील गवतांचे प्रकार, त्यांची उंची, फुले व कीटक यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. वर्षाअखेरीस ही नोंदवही त्याच जागेच्या उपग्रहचित्रांशेजारी ठेवली असता, आठशे किलोमीटर उंचीवरून काय दिसते व गुडघे टेकून पाहिल्यास काय दिसते, हे विद्यार्थ्यांस आपोआप उमजेल. अशी नोंदवही ग्रामसभेपुढे ठेवल्यास गायरानाविषयीचा ठराव करताना तिचा आधार होईल.

उपग्रहाने पठाराचे समग्र दर्शन घडविले, ही त्याची मोठी देणगी होय. परंतु नकाशावर कोणता शब्द लिहावयाचा हे उपग्रह ठरवीत नाही. ते माणसाने ठरवावयाचे असते. पडीक या शब्दाच्या जागी माळरान हा शब्द लिहिला गेला, तर त्या भूमीवरील गवत, गुरे, मेंढपाळ व पक्षी यांची नोंदही त्याबरोबर सरकारी दप्तरात होईल, आणि पुढील निर्णय त्या नोंदीकडे पाहून घेतले जातील.